रांग विकायला काढली आहे

स्वस्त विमान कंपन्यांना नावे ठेवणे ही आता सुशिक्षितांची सवय झाली आहे. गुडघे टेकतात, चहाला पैसे घेतात, बॅग दोन किलो जास्त भरली की वाद घालतात. तक्रारी खऱ्या आहेत, पण मला त्या अर्धवट वाटतात. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली तेव्हा तिकिटावर सीट नंबरच नसे. आधी शिरेल तो खिडकीशी. शिडीजवळची धावाधाव आपल्या एसटी स्टँडवरच्यासारखीच असायची, फक्त खिडकीतून रुमाल टाकायची सोय नव्हती. यावर लोक खूप हसले. पण त्या विमानात पुढे पडदा लावून वेगळा बसवलेला साहेबी वर्गही नव्हता, हे फार थोड्यांनी लक्षात घेतले. पहिल्यांदा विमानात बसणारा शिक्षक आणि मोठा व्यापारी एकाच रांगेत उभे राहत.

हे कंपनीने समतेच्या प्रेमापोटी केले नाही. विमान हवेत असते तेव्हाच कमावते, जमिनीवर उभे असले की फक्त खाते. उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास आटोपायचे, तर एकच वर्ग, एकाच जातीची विमाने आणि पुढच्या-मागच्या दोन्ही दारांतून चढ-उतार, हेच परवडते. इंडिगोने शिडीऐवजी उताराचा रॅम्प आणला, त्यावरून व्हीलचेअरही थेट वर जाते. नफ्याच्या हिशेबातून एखाद्या आजीची सोय झाली तर माझी काही हरकत नाही.

मग गेटवर एवढी कोंडी का होते? जेसन स्टेफन या खगोलभौतिकीच्या संशोधकाने २००८ मध्ये यावर निबंध लिहिला. त्याच्या गणितात सर्वांत वाईट क्रम निघाला तो पुढच्या रांगांपासून विमान भरत जाण्याचा. कारण साधे आहे. पुढचा माणूस बॅग वर ठेवत असताना त्याच्या मागचे सगळे खोळंबतात. आमच्या धंद्यात याला लॉक म्हणतात: एकाने कुलूप धरून ठेवले की बाकी सगळे ताटकळत. खिडकीवाले आधी, तेही मागून आणि एकआड एक रांगेने सोडले, तर अनेक जण एकाच वेळी सामान ठेवू शकतात. गटागटाने मागून भरण्यापेक्षा तर कोणालाही कसेही सोडलेले बरे, असेही त्याने दाखवले.

आणि पारंपरिक कंपन्या काय करतात? आधी बिझनेस क्लास, मग सोनेरी कार्डवाले, मग चांदीचे, शेवटी उरलेले. म्हणजे बहुतेक वेळा पुढून मागे. हळू क्रम त्यांना चालतो, कारण त्या क्रमाचेच पैसे मिळतात. स्वस्त कंपन्याही आता तोच धडा गिरवत आहेत. आधी चढायचे असेल तर पैसे भरा. बॅग खाली द्यायची तर ठरावीक वजनाच्या वर पैसे, म्हणून लोक सगळे वर घेऊन येतात, वरचे कप्पे अपुरे पडतात, म्हणून आधी चढायची घाई, आणि त्या घाईची पुन्हा विक्री. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंडिगोनेही दिल्ली-मुंबई मार्गावर रुंद सीटचा वेगळा वर्ग सुरू केला. पडदा परत आला.

मला याहून जास्त राग येतो तो स्क्रीनवरच्या खेळाचा. सीट निवडायच्या पानावर ‘पुढे जा’ हे बटण मोठे आणि रंगीत, ‘सीट न निवडता पुढे’ हे फिकट आणि कोपऱ्यात. असे पान चुकून तयार होत नाही, कोणीतरी बैठकीत बसून ते ठरवते. काही कंपन्या काउंटरवर बोर्डिंग पास छापून द्यायचेही पैसे घेत होत्या. जुलै २०२२ मध्ये विमान वाहतूक मंत्रालयाला ते थांबवायला सांगावे लागले. या वसुलीत सापडतो कोण? परभणीहून पहिल्यांदा उमऱ्याला निघालेले चाचा-चाची, ज्यांना वेब चेक-इन म्हणजे काय हे माहीत नाही. बारा वर्षांखालच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी बसवा, हे एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने सांगितले. तोपर्यंत त्यासाठीही सीट विकत घेणारे आईबाप होते.

रांगेत आपल्याला आणखी एक भीती असते. ती तिकिटाच्या किमतीवर अवलंबून नसते. नोव्हेंबर २००६ मध्ये मिनियापोलिसला यूएस एअरवेजच्या विमानातून सहा इमामांना उतरवले गेले. चढण्यापूर्वी त्यांनी गेटजवळ नमाज पढली होती. ती पारंपरिक कंपनी. १ जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनहून ऑर्लँडोला निघालेल्या एअरट्रॅनच्या विमानातून नऊ मुस्लिम प्रवाशांना उतरवले, त्यात लहान मुलेही होती. विमानात कुठे बसणे सर्वांत सुरक्षित, एवढेच ते आपसात बोलत होते. एफबीआयने त्यांना निर्दोष म्हटले, तरी कंपनीने त्या दिवशी पुन्हा तिकीट द्यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी माफी मागितली. ती स्वस्त कंपनी. आणि त्या कुटुंबाला त्या दिवशी पुढचे तिकीट मिळाले ते यूएस एअरवेजचे! खर्च कमी-जास्त केल्याने संशय घेणारी नजर बदलत नाही. उतरवण्याचे कारण त्याच वेळी लेखी द्यायला भाग पाडणारा नियम असेल, तर निदान उतरवणाऱ्याला दोन ओळी लिहाव्या लागतील. मला तो नियम प्रत्येक देशात हवा आहे.

आता थोडे आपल्याविषयी. नमाजच्या सफमध्ये मालक आणि नोकर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, हे आपण अभिमानाने सांगतो. मग जेद्दाहच्या गेटवर, सीट नंबर हातात असताना, आपण एकमेकांना कोपर का मारतो? धडधाकट तरुण आईच्या व्हीलचेअरमागे पाच नातेवाईक घुसवतो, तेव्हा तोही रांग विकत असतो, फक्त पैसे न घेता. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे तिकीट काढून ‘झालं’ म्हणणाऱ्या आपल्या पिढीला मला विचारायचे आहे: त्यांच्या फोनवर बोर्डिंग पास उघडतो का? गेट बदलले तर फलक त्यांना वाचता येतो का? जादा सामान ऑनलाइन आधी भरले तर काउंटरपेक्षा बरेच स्वस्त पडते, हे त्यांना कोणी सांगितले? आपल्या वस्त्यांत उमऱ्याच्या निरोपाला हार घेऊन पन्नास माणसे विमानतळावर जातात. त्यातल्या एकाने आदल्या दिवशी तासभर त्यांच्याजवळ बसून फोन दाखवला, तर हार एक कमी आणला तरी चालेल.