न्हाणीची बेगमी

वेळणेश्वरात कुणी घर तापवत नाही. समुद्र इतका शेजारी की ऐन पौषातही दुपारी पंखा लावावा लागतो. दापोलीचे नातेवाईक पारा दहाच्या आसपास उतरल्याचं कौतुकाने कळवतात; आम्ही पहाटे गोधडी जरा वर ओढतो, झालं. आमची थंडी असते ती न्हाणीत. तीही पूर्वी एवढी नव्हती. विहिरीतून पहाटे उपसलेलं पाणी हाताला कोमटच लागतं, कारण जमिनीच्या पोटातलं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. पंप आले, पाणी स्लॅबवरच्या काळ्या टाकीत चढलं, रात्रभर उघड्यावर गारठू लागलं, आणि पहिल्या तांब्याला ओरडायची पद्धत पडली.

भाचा जर्मनीत असतो. तिथे साधारण ऑक्टोबर ते एप्रिल हा घर तापवायचा हंगाम. त्याआधी तो छोट्या किल्लीने रेडिएटरमधली कोंडलेली हवा सोडतो. फुस्स आवाज थांबून पाणी आलं की किल्ली बंद. त्याने फोनवर चेष्टेने विचारलं, "मावशी, तुझी सर्व्हिसिंग कधी?" मी म्हटलं, "नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी." आता हे अगदी खरं आहे. 2025 साली 20 ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. आदल्या संध्याकाळी न्हाणीतली राख उपसायची, चूल सारवायची, हंडा-बंब आमसुलं आणि राख लावून घासायचे, पाणी भरायचं, झेंडूची माळ आणि कारिटाची वेल गुंडाळायची. वर्षातून एकदा सगळं यंत्र उघडून पाहायची तारीख पंचांगातच घालून ठेवलेली आहे.

आमचा बंब तांब्याचा, सासूबाईंच्या लग्नातला. असे बंब मठारणारी तांबट मंडळी पुण्याच्या तांबट आळीत अजून आहेत, आणि ती पेशवाईत कोकणातूनच वर गेली असं सांगतात. बंबाच्या पोटातून उभी नळी जाते. खाली जाळ, वर धुरांडं, भोवती पाणी. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि वर जमलेलं गरम पाणी तोटीतून बाहेर येतं. जेवढं गार द्याल तेवढंच गरम मिळेल. म्हणजे बंब कधी रिकामा होत नाही. हीच त्याची सुरक्षा. कुणी शहाण्याने कोरड्या बंबाखाली जाळ घातला तर सांध्यांचा डाक वितळतो आणि बंब गळायला लागतो. म्हणून आदल्या दिवशी पाणी भरून तळाशी कोरडं वर्तमानपत्र पसरायचं. सकाळी कागद ओला दिसला तर डाक लावणारा शोधायचा, आणि हल्ली तो शोधणं हेच मोठं काम झालंय.

खरी बेगमी मात्र जळणाची, आणि ती थंडीआधी नव्हे, आगोटीआधी करावी लागते. सोडणं, चुडतं, पिढे, करवंट्या, आंब्याच्या वाळक्या फांद्या: नारळाची बाग न्हाणीला पुरून उरतं एवढं जळण देते. अट एकच, ते वाळलेलं हवं. 2025 साली पावसाने पंचाईत केली. मोसमी पाऊस 25 मेलाच देवगडला पोचला. त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही भिजवून गेलेच. ज्यांची फाटी अंगणात होती ती तिथेच कुजली.

ओल्या लाकडाचा हिशोब सोपा आहे. त्यातलं एक किलो पाणी वाफ करून घालवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात वीस लिटरची बादली 25 अंशांवरून पन्नासच्या पुढे जाते. म्हणजे आधी लाकडातलं पाणी तापवायचं, मग आपलं. मध्ये डोळ्यांतलंही येतं. बुडाला राख-मातीचा लेप देऊनच हंडा चढवावा, काजळी खरवडायला लागत नाही. राख नारळाच्या आळ्यात.

गॅसचा गिझर लावणाऱ्यांना एकच सांगते, न्हाणीची खिडकी उघडी ठेवा. बंद जागेत जळणाने कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग. बाळंतिणीच्या खोलीत, आमच्याकडे तेवढी एकच खोली तापवतात, शेगडी ठेवतानाही दार किलकिलं ठेवायचा जुना शिरस्ता आहे. नव्या घट्ट बसणाऱ्या खिडक्यांनी तो मोडला.

आमच्याकडे सौर बंबही आहे. त्याला पंप लागत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन नळ्यांतून वरच्या टाकीत चढतं, गार खाली उतरतं. खारं वारं स्टँडला गंज आणतं, म्हणून दिवाळीआधी त्याला रंगाचा हात. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, टाकीच्या वाटणीचं झिजणं ती स्वतः सोसते. ती उघडून पाहावी, संपली असेल तर बदलावी. काचेच्या नळ्यांचं वानर काय करतील याला मात्र काही उपाय नाही.

आणि यंदाचा वाद सावलीचा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, तेव्हा पॅनेलवर भर ऊन. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून 49 अंशांच्या आसपासच राहतो, आणि दक्षिणेकडच्या हापूसची फांदी नेमकी मध्ये येते. मुलगा म्हणतो, फांदी छाटू. सासूबाई म्हणतात, "फांदीला हात लावू नको हां. थंडी पडली तर त्याच फांदीला मोहोर येणार." हापूसला मोहोर फुटायला थंडी लागते हे खरंच, आणि ती फांदी गेल्या साली चांगली लागली होती. तूर्त पॅनेल गोठ्याच्या छपरावर हलवता येईल का ते बघायला प्लंबरला बोलावलंय. पाइप वाढेल, पाणी वाटेत निवेल, त्याला कापूस-पत्र्याचं वेष्टण लागेल, आणि एवढं करूनही पहाटेच्या पहिल्या अंघोळीला सासूबाई बंबच पेटवणार.