पूल उभा कशावर असतो? कोकणातल्या नद्या, खाड्या आणि कधीच न दिसणारा पाया

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली अशा दोन एसटी बस नदीत गेल्या. दोन्ही गाड्या रत्नागिरी जिल्ह्यातून सुटलेल्या होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीसाठी योग्य असल्याचं आढळलं होतं, असं सरकारने तेव्हा सांगितलं.

पुढे १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला. ५ जून २०१७ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि कामाच्या वेगाचं कौतुकही झालं. पण एक प्रश्न मागे राहिला. मे महिन्यात ठीक दिसणारा पूल ऑगस्टमध्ये ठीक असेल, हे कशावरून ठरवायचं?

हा प्रश्न आज पुन्हा महत्त्वाचा आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी कोकणातल्या खाड्यांवर मोठे पूल बांधायचे आहेत. त्यात बाणकोट, दाभोळ आणि जयगड या खाड्याही आहेत. बाणकोटची खाडी म्हणजे सावित्रीचंच मुख. दाभोळला वाशिष्ठी समुद्राला मिळते, जयगडला शास्त्री. आज इथे गाड्या फेरीबोटीतून पलीकडे जातात. उद्या पुलावरून जातील तेव्हा तो पूल कशावर उभा असेल, ते समजून घेऊया.

खोल पाया म्हणजे काय?

रत्नागिरीत साधं घर बांधताना थोडं खणलं की जांभा किंवा कठीण मुरूम लागतो. त्यावर चिरे रचले की पाया झाला. हा उथळ पाया.

खाडीत तसं नसतं. तळाशी नदीने वर्षानुवर्षं आणलेला गाळ आणि मऊ चिकणमाती असते. भार पेलणारा काळा कातळ त्याच्या बराच खाली. त्यामुळे पुलाचं वजन गाळातून पार करून कातळापर्यंत पोहोचवावं लागतं. त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला विहीर पाया. काँक्रीटची मोठी पोकळ विहीर नदीत ठेवतात आणि आतली माती काढत जातात. तशी ती स्वतःच्या वजनाने खाली उतरते. रिंग टाकून विहीर बांधताना पाहिली असेल, तर कल्पना येईल. जुन्या रेल्वे पुलांखाली असे पाये बरेच आहेत.

दुसरा पाइल. जमिनीत खोल, गोल भोक पाडून त्यात सळ्यांचा पिंजरा सोडतात आणि काँक्रीट भरतात. पुलांसाठी या पाइल साधारण एक ते दीड मीटर व्यासाच्या असतात, समुद्रात त्याहून जाड. अनेक पाइलच्या डोक्यावर काँक्रीटची जाड टोपी बसवतात आणि तिच्यावर खांब उभा राहतो. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी याऐवजी एका खांबाखाली एकच जाड पाइल, म्हणजे मोनोपाइल, वापरली गेली.

काम चुकतं कुठे?

सगळं काम पाण्याखाली, डोळ्याआड होतं. भोक ढासळू नये म्हणून त्यात लोखंडी नळकांडं घालतात. काँक्रीट ओतायला ट्रेमी नावाचा लांब पाइप असतो. त्याचं खालचं तोंड सतत काँक्रीटमध्ये बुडालेलं राहिलं पाहिजे. पाइप घाईने वर ओढला तर चिखल आत शिरतो आणि पाइल मध्येच कमकुवत होते. वरून काहीच कळत नाही. म्हणून पाइलच्या डोक्यावर ठोका मारून आतून परतणाऱ्या लहरी मोजतात. निवडक पाइलवर भार देऊनही चाचणी घेतात.

कोकणात आणखी एक अडचण आहे. कातळ सगळीकडे सारख्या खोलीवर नसतो. समजा, एका खांबाखाली तो २० मीटरवर लागला, तर पुढच्या खांबाखाली ३० मीटरवर असू शकतो. त्यामुळे प्रत्येक खांबाच्या जागी आधी बोअर घेऊन खडकाचे नमुने तपासावे लागतात. इथे वाचवलेला खर्च पुढे महागात पडतो.

पूर पायाचं काय करतो?

भाट्ये किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पाण्यात उभं राहिलं की लाट परतताना टाचेखालची वाळू सरकते. पुलाच्या खांबाशी नेमकं हेच घडतं, फक्त कैक पटींनी. पुराचं पाणी खांबावर आदळतं, खाली वळतं आणि भोवऱ्यासारखं फिरत तळ उकरतं. अभियंते याला स्कॉर म्हणतात.

यातला खरा धोका पुढे आहे. पूर ओसरताना पाण्याचा वेग कमी होतो आणि वाहून आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो. नदी शांत झाल्यावर तळ पुन्हा सपाट दिसतो. पण तो भरलेला गाळ सैल असतो. पुढच्या पुरात तो सगळ्यात आधी निघून जातो. म्हणजे उन्हाळ्यात नदी पाहून पुराच्या रात्री पायाभोवती किती माती उरेल, हे सांगता येत नाही.

म्हणूनच पायाची खोली पुराच्या दिवसाचा विचार करून ठरवतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार, महापुराच्या पातळीपासून तळ सरासरी किती खोल उकरला जाईल ते आधी काढतात. खांबाजवळ त्याच्या दुप्पट खोली धरतात. पाया मातीत असेल, तर त्याच्याही खाली आणखी एक तृतीयांश न्यावा लागतो. सरासरी ६ मीटर असेल तर खांबाजवळ १२, आणि पाया महापुराच्या पातळीखाली किमान १६ मीटर.

गाळ काढला तर?

हे गणित नदीचा तळ आहे तसा राहील, असं धरून केलेलं असतं. तळच खाली गेला तर ते बिघडतं. २०२४ च्या जून-जुलैमध्ये बिहारमध्ये काही आठवड्यांत दहाहून अधिक पूल कोसळले. त्यातल्या सिवान आणि सारण जिल्ह्यांतल्या पुलांबाबत, नदीतला गाळ काढताना पुलांच्या सुरक्षेची काळजी घेतली नाही, असं तिथल्या जलसंपदा विभागाने म्हटलं आणि अभियंत्यांना निलंबित केलं.

चिपळूणसाठी ही गोष्ट दूरची नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढण्यात आला. शहराला पुरापासून वाचवायला ते गरजेचंच होतं. पण पुलाच्या खांबांजवळ गाळ काढायचा असो वा वाळू, तिथे किती खोल जायचं हे पुलाचा पाया पाहूनच ठरायला हवं. नदी एका खात्याची आणि पूल दुसऱ्या खात्याचा असेल, तर दोघांनी आधी एकत्र बसणं आवश्यक आहे.

अर्थात प्रत्येक अपघाताचं खापर पायावर फोडता येत नाही. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम सुरू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग पडला, तेव्हा वरचे गर्डर आणि लाँचर खाली आले होते.

खांब कुठे उभा करायचा?

खाडीत हा प्रश्न मच्छीमारांचाही असतो. मुंबईत कोस्टल रोडच्या खांबांमधून होड्या सुरक्षित जाणार नाहीत, असं म्हणत वरळी कोळीवाड्याने आंदोलन केलं. शेवटी खांबांमधलं अंतर ६० वरून १२० मीटर करण्यात आलं. अंतर वाढलं की प्रत्येक खांबावरचा भार वाढतो आणि पायाची रचना बदलते. त्यामुळे दाभोळ-जयगडच्या मच्छीमारांचं म्हणणं पाइलची मशीन पाण्यात उतरण्याआधी ऐकलं गेलं, तर बदल स्वस्त पडेल. नंतर तो फार महाग पडतो.

नागरिकांनी काय विचारायचं?

पुलाची लांबी, खर्च आणि उद्घाटनाची तारीख फलकावर असते. त्यापलीकडे चार प्रश्न विचारता येतील, आणि सार्वजनिक पुलासाठी माहिती अधिकाराचा मार्गही आहे:

• प्रत्येक खांबाच्या जागी बोअर घेतला होता का?

• पाइलच्या चाचण्यांचे निकाल काय आले?

• पायाभोवती तळ किती खोल उकरला जाईल असं धरलं आहे?

• पुरानंतर पाण्याखालचा तळ कोण आणि कधी मोजणार?

चौथा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. पहिल्या तिघांची उत्तरं पूल बांधताना एकदा द्यावी लागतात. चौथ्याचं उत्तर मात्र पूल असेपर्यंत दर पावसाळ्यानंतर नव्याने द्यावं लागतं.