रिपोर्ट नॉर्मल आले, तरी मूल खरं बोलतंय

सोनिवलीहून निघायचं, बदलापूर स्टेशन गाठायचं, गर्दीतून लोकल पकडायची आणि उल्हासनगर-कल्याणच्या कॉलेजात वेळेवर पोचायचं, हा आपल्या कितीतरी मुलामुलींचा रोजचा क्रम आहे. त्यातल्या एखाद्याच्या पोटात नेमकी निघायच्या वेळी कळ येते. संडासला जाऊन आलं तरी पाच मिनिटांत पुन्हा जावंसं वाटतं. लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. मग मूल म्हणतं, "आज नको जायला." घरातून उत्तर येतं, "याचं रोजचंच नाटक आहे."

पालकांना आम्ही एवढंच सांगू इच्छितो, की त्याला नाटक म्हणण्याआधी थांबा. या दुखण्याला नाव आहे. डॉक्टर त्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस म्हणतात. साध्या भाषेत, चिडकं आतडं. २०१६ साली ठरलेल्या 'रोम ४' या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, महिन्यातून किमान चार दिवस पोट दुखत असेल, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असेल किंवा शौचाच्या वेळा व स्वरूप बदललं असेल, आणि हे दोन महिने चाललं असेल, तर मुलांमध्ये आयबीएसचा विचार करतात. कुणाला जुलाब होतात, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला आलटून पालटून दोन्ही.

घोटाळा होतो तो रिपोर्टमुळे. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. मग घरच्यांना वाटतं, पैसे गेले आणि पोरगं खोटं बोलत होतं. पण आयबीएसमध्ये आतड्याला जखम किंवा गाठ नसतेच, म्हणून फोटोत काही दिसत नाही. बिघाड असतो तो आतडं आणि मेंदू यांच्यातल्या निरोपांत. आतड्याच्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात. ज्या गॅसची दुसऱ्याला जाणीवही होत नाही, त्याने या मुलाला कळ येते. परीक्षेची धास्ती, अपुरी झोप, घरातली भांडणं यांनी ती वाढते. कळ आली की भीती वाटते आणि भीतीने पुन्हा कळ येते. ताणाने दुखणं वाढतं म्हणून ते खोटं ठरत नाही.

पुष्कळदा सुरुवात जुलाबाच्या साथीपासून होते. कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या गावात मे २००० मध्ये नळाचं पाणी दूषित झालं. दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, सात जण दगावले. संशोधकांनी पुढे अनेक वर्षं त्या गावकऱ्यांची तपासणी केली, तेव्हा त्या साथीत आजारी पडलेल्यांत, मुलांतसुद्धा, आयबीएसचं प्रमाण जास्त आढळलं. आपल्याला हे दूरचं वाटायला नको. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, ते आपण विसरलेलो नाही. असा पूर ओसरल्यावर वस्तीत पाणी उकळून पिणं म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांचं पोट सांभाळणं आहे.

मात्र प्रत्येक पोटदुखी आयबीएस नसते. शौचातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल, उंची वाढायची थांबली असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ येत असेल, ताप किंवा सारखी उलटी होत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. आपल्याकडे आतड्याचा टीबी, जंत, दूध न पचणं हेही असतं. त्याची तपासणी आधी व्हायला हवी. मुलींच्या बाबतीत पाळीच्या दिवसांत दुखणं वाढतं का, हे डॉक्टरांना न लाजता सांगा. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारखं सरकारी रुग्णालय आपल्या आवाक्यात आहे. बेंबी सरकली, नजर लागली, बाहेरचं आहे, असं म्हणून पोट चोळणाऱ्याकडे किंवा भगताकडे वेळ घालवू नका. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून देऊ नका.

उपचार महागडा नाही, पण चिकाटीचा आहे. ठरलेल्या वेळी जेवण, पुरेशी झोप, थोडं चालणं-खेळणं. रिकाम्या पोटी चहा, कोल्ड्रिंक, रोजचा वडापाव-चायनीज कमी करायचं. इसबगोलचा उपयोग होतो, मात्र किती आणि केव्हा ते डॉक्टरांना विचारून. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध यांतलं एखादं काहींना सोसत नाही. ते वहीत लिहून ओळखावं. सगळंच एकदम बंद करू नका, वाढीचं वय आहे. समुपदेशन आणि शांत श्वासाचा सराव यांनीही दुखणं कमी होतं. विहारात ज्यांना आनापानाची सवय आहे त्यांनी मुलांना सोबत बसवावं. औषध सोडून मात्र नव्हे. बोलायला कुणी नसेल तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आता शाळेबद्दल. तासाला बाहेर जायला परवानगी नाही, संडासाला कडी नाही, पाणी नाही, म्हणून मुलं, विशेषतः मुली, दिवसभर दाबून धरतात आणि पाणीही पीत नाहीत. चिडक्या आतड्याला ही शिक्षाच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चिमुकल्या मुलींवर स्वच्छतागृहात अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि गाव रस्त्यावर उतरलं. तेव्हापासून शाळेचं शौचालय हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, हे आपण जाणतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी शौचालयं बंधनकारक आहेत. याच कायद्याने नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि निम्म्या जागा महिलांच्या. त्या बैठकीला जा. कडी, पाणी, प्रकाश आणि महिला मदतनीस मागा. पोटाच्या तक्रारीची चिठ्ठी असलेल्या मुलाला न विचारता वर्गाबाहेर जाऊ द्या, असं शिक्षकांना सांगा. खासगी शाळेत पालक-शिक्षक सभेत हेच मागा.

शिक्षणासाठी आपल्या आजी-आजोबांनी उपास काढले. आज त्यांची नातवंडं पोटाच्या कळीमुळे, आणि त्याहून जास्त लाजेमुळे, वर्ग बुडवत असतील, तर ती आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे. आज रात्री जेवताना मुलाला विचारा, "पोट कसं आहे रे?" आणि जे सांगेल ते हसण्यावारी न नेता ऐका.