दाखवावे, देऊ नये

गेल्या आषाढात, वर्धा जिल्ह्यातील एका रुग्णालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या टपरीवर, पिशवीत गुंडाळून जपलेली शिधापत्रिका, आधारपत्र आणि सातबाऱ्याचा उतारा घेऊन भिजत उभ्या असलेल्या माणसांच्या रांगेत मीही होतो. टपरीवाल्याने माझा हिशेब ज्या चिठोऱ्यावर मांडला ते सहज उलटून पाहिले, तो त्यावर कोणा अनोळखी वृद्धेचा काळवंडलेला चेहरा होता आणि त्याखालचे बाराच्या बारा अंक स्वच्छ वाचता येत होते.

रुग्णाची ओळख पटवून घेण्यास माझा विरोध नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च सरकार सोसते, आणि शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या ज्या 14 जिल्ह्यांत शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही सातबाऱ्याच्या आधारे या योजनेत सामावून घेण्यात आले, त्यांत वर्धा आहे. अशा योजनेत एकाच्या नावावर दुसऱ्याने उपचार घेतले, तर खऱ्या धन्याची रक्कम सरतेच, शिवाय त्याच्या दप्तरी परक्याचा रक्तगट आणि परक्याचा आजार नोंदला जाऊन पुढे त्याच्या जिवावर बेतू शकते. अडलेल्या मेहुण्याला आपले कार्ड देणारा माणूस बहुधा लबाड नसतो, भिडस्त असतो. परंतु रक्तपेढीला भीड कळत नाही.

याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामात एके काळी गावकरी सुगीत ज्वारीची वर्गणी देत आणि तिच्या बळावर कस्तुरबा रुग्णालयात उपचार मिळवीत. तो काळ परत येणार नाही, आणि त्याचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही, कारण जिथे रोज दूरदूरच्या तालुक्यांतून अनोळखी माणसे येतात तिथे कारकुनाने चेहऱ्यावरून कोणास ओळखावे?

माझी तक्रार निराळी आहे. ओळख दाखवणे आणि ओळख देऊन टाकणे यांतला भेद आपल्या कचेऱ्यांनी पुसून टाकला आहे. मूळ पत्र पाहून, चेहऱ्याशी ताडून, नोंद करून ते परत करणे याला पडताळणी म्हणतात. नक्कल घेऊन गठ्ठ्यात खुपसणे ही निव्वळ साठवण होय. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2023 साली आयुष्मान भारत योजनेची झाडाझडती घेतली, तेव्हा सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले निघाले, आणि तो क्रमांक म्हणजे दहा वेळा लिहिलेला नऊचा अंक होता! कागद मागताना कडक आणि तो वाचताना बेफिकीर, असा हा कारभार आहे. पहिले आठ अंक झाकलेले आधारपत्र काढण्याची सोय सरकारनेच केली आहे; नक्कल हवीच असेल, तर तेवढ्यावर भागवण्याची आणि तिच्यावर तारीख व प्रयोजन लिहू देण्याची तजवीज रुग्णालयांना सहज करता येईल. अपघाताचा रुग्ण असेल, तर आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1989 च्या निकालापासून ठरलेलेच आहे.

ते चिठोरे मी टपरीवाल्याजवळ मागितले. तो हसला. “घेऊन जा न काका, असे लय पडले हायेत.”