🚜 *पान्याला जोर नको, माप हवं*



आज पिकाविषयी नाही, पान्याविषयी बोलतो. मत माझं आहे. पटलं नाही तर मासिक बैठकीत जरूर सांगा.

मागच्या हंगामात कांदा भरलेली माझी पिकअप पहाटे दारातच अडली. सेल्फ नुसता टक-टक करायचा. आदल्या दिवशी बॅटरीचं टर्मिनल ढिलं वाटलं, म्हणून मीच लांब पाना लावून कचकचून आवळलं होतं. त्यात बॅटरीचा पोल बुडातून हलला. सकाळचा लिलाव हुकला, बॅटरीही गेली. दोष कुणाला देऊ? पाना माझ्याच हातात होता.

आपल्याला एकच शिकवलंय: 'आवळ अजून!' पण अति तिथे माती.

*ढिलं राहिलं तर:* सेल्फ मारताना केबलमधून शंभर-दोनशे अँपिअर करंट सहज जातो. जोड ढिला असला की व्होल्टेज तिथेच पडतं, टर्मिनल तापतं. बऱ्याच गाड्यांत सेल्फला अर्थिंग त्याच्या बोल्टांतूनच मिळतं. ते ढिले असतील तर नवी बॅटरी घालूनही उपयोग नाही. अल्टरनेटर हलला तर बेल्ट घसरतो, चार्जिंग कमी होतं.

*जास्त आवळलं तर:* बॅटरीचा पोल शिशाचा, म्हणजे मऊ. अल्टरनेटरची बॉडी ॲल्युमिनियमची, तिचे आटे निघतात. सेल्फवर केबल बसते तो तांब्याचा बोल्ट पिळून तुटतो.

*माप कसं समजायचं?* फूटभर लांब पाना आडवा धरून टोकाला 1 किलो वजन टांगलं, तर साधारण 3 न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. शिशाच्या पोलवरच्या क्लॅम्पला बहुतेक ठिकाणी 5 ते 7 पुरतात, म्हणजे फक्त दोन किलोचा भार! अल्टरनेटर आणि सेल्फ बसवायच्या बोल्टांना याच्या कितीतरी पट लागतो. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावा.

कुणी म्हणेल, मिस्त्रीच्या हाताला अंदाज असतो. असेल, तीस वर्षं पाना धरलेल्या हाताला असेल. पण संध्याकाळी घाईत, बॅटरीच्या उजेडात आवळणाऱ्या आपल्या हाताला तो नसतो.

म्हणून माझी मागणी: आपल्या अवजार बँकेत दोन टॉर्क पाने ठेवावेत. छोट्या मापाचा बॅटरीसाठी, मोठ्या मापाचा बाकीच्या बोल्टांसाठी. एकाच पान्यात दोन्ही मापं नीट येत नाहीत. एकट्याने घेणं जिवावर येतं, सगळ्यांत मिळून काहीच नाही.

*तोवर एवढं पाळा:*
✅ इंजिन बंद करूनच हात घाला.
✅ काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.
✅ क्लॅम्प हातोडीने ठोकू नका. पोल घासून स्वच्छ करा, क्लॅम्प पूर्ण खाली बसवा.
✅ आट्यांना तेल लावू नका. तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. व्हॅसलिन टर्मिनल आवळून झाल्यावर वरून लावा.
✅ क्लॅम्पला आखूड पाना वापरा. हाताने हलवून फिरला नाही की थांबा.

रोटाव्हेटर चालवून झाला की ट्रॅक्टरचे हे बोल्ट एकदा तपासा. हादऱ्याने ते ढिले होतात.

टॉर्क पान्याची मागणी पटत असेल तर 👍 पाठवा. बैठकीत विषय मांडतो.

– आपलाच एक सभासद