पडद्यावरचे कागदावर

लेखी असल्याशिवाय आपला जीव भांड्यात पडत नाही. भाडे दिले की पावती हवी, उसने दिले की चिठ्ठी हवी, आणि लग्नाच्या यादीवर तर दोन्ही पक्षांच्या सह्या हव्यात! आता आपले निम्मे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर होतात, आणि पडदा मोठा विसराळू. पान बदलले किंवा वीज गेली की मघाचे 'आपला अर्ज मिळाला' त्याच्या गावीही नसते. तेव्हा पडद्याकडून लेखी घेण्याची युक्ती प्रत्येक घरात एकाला तरी ठाऊक हवी.

युक्ती एका कळीत आहे. कळफलकाच्या वरच्या रांगेत उजवीकडे 'प्रिंट स्क्रीन' नावाची कळ असते. हे नाव एके काळी अक्षरशः खरे होते. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर निघाला, त्यावर शिफ्टबरोबर ही कळ दाबली की पडद्यावरचा मजकूर थेट प्रिंटरवर उतरे. पुढे विंडोज आले; नाव तेच राहिले, काम बदलले. आता कळ दाबली की पडद्याचे चित्र संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणात जाते किंवा नव्या विंडोजमध्ये आधी तुकडा कापण्याची सोय उघडते, छापून काही येत नाही. म्हणूनच कित्येक सभ्य गृहस्थ कळ दाबून प्रिंटरकडे आशेने बघत बसलेले दिसतात!

त्यांनी पुढे एवढेच करावे. 'पेंट' किंवा 'वर्ड' उघडावे, कंट्रोल आणि व्ही दाबून चित्र तिथे उतरवावे, नाव देऊन जतन करावे, आणि मग कंट्रोल आणि पी दाबून छापावे. आल्टबरोबर प्रिंट स्क्रीन दाबली तर फक्त चालू असलेल्या खिडकीचे चित्र येते. विंडोज चिन्हाची कळ, शिफ्ट आणि एस एकदम दाबल्या तर हवा तेवढाच तुकडा माउसने कापून घेता येतो. विंडोज चिन्हाच्या कळीबरोबर प्रिंट स्क्रीन दाबली तर अख्ख्या पडद्याचे चित्र 'पिक्चर्स'मधल्या 'स्क्रीनशॉट्स' या कप्प्यात आपोआप जाऊन बसते. लॅपटॉपवर कधी कधी एफएन कळीचीही जोड लागते.

कळ दाबणे सोपे. काय टिपावे हे कळणे महत्त्वाचे. आम्ही सेवाग्रामला राहतो. गेल्या पावसाळ्यात जवळच्या खेड्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलीने फीमाफीचा अर्ज भरला होता. यादीत नाव नव्हते आणि मुदत उलटून गेली होती. "सर, फोटो छापून ठेवला आहे, पण ऑफिसातले बाबू नाहीच म्हणून राहिले," असे म्हणत त्यांनी घडी उलगडली. पाहतो तो कागदाच्या मधोमध हिरव्या अक्षरांत 'अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला' एवढे एकच वाक्य! कोणाचा अर्ज, कोणत्या दिवशी, क्रमांक काय, काही नाही. दुकानातल्या पोराने कागद देखणा दिसावा म्हणून कडा नेमक्या कापून टाकल्या होत्या. बापाचा चेहरा उतरला. वर्षाची फी भरायची तर बैलजोडीकडे बघावे लागणार होते.

मुलगी मात्र हुशार. ती म्हणाली, "सर, कापायच्या आधी त्याने सगळा पडदा टिपला होता." दुकानात जाऊन कप्पा उघडला, तर चित्र जागेवर होते. वर संकेतस्थळाचा पत्ता, मध्ये नाव आणि अर्जाचा क्रमांक, खाली कोपऱ्यात तारीख आणि वेळ. क्रमांक हाती आल्यावर कार्यालयाला नोंद सापडली आणि काम झाले.

पत्त्याचे महत्त्व आमच्या गावाला नव्याने सांगायला नको. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला आले. त्यांचे टपाल थोडेथोडके नव्हते. पण बुलढाणा जिल्ह्यात शेगाव आहे, आणि नावाच्या सारखेपणामुळे पत्रे तिकडे भरकटू लागली. शेवटी १९४० साली गावाचे नावच सेवाग्राम झाले. टपालासाठी एका गावाने नाव बदलले. आपण चित्र टिपताना पत्त्याची पट्टी आणि तारीख ठेवायला काय हरकत आहे? आधी सगळा पडदा टिपावा, छाटायचे ते प्रतीवर छाटावे, मूळ तसेच ठेवावे. संकेतस्थळ स्वतःची पावती देत असेल तर ती आधी उतरवून घ्यावी. पडद्याचे चित्र तिच्या जोडीला.

मूळ जपण्याचे आणखी एक कारण आहे. चित्रात फेरफार करणे आज पोरखेळ झाला आहे, म्हणून नुसत्या छापील कागदावर न्यायालय भिस्त ठेवत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते. कोर्टाची पायरी चढायची वेळ कोणावर न येवो. पण आलीच तर मूळ चित्र हाताशी असलेले बरे.

आता छपाईचा हिशेब. पडदा १९२० ठिपके रुंद असेल आणि छापील पुस्तकासारखी रेखीव अक्षरे हवी असतील तर इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे चित्र सुमारे साडेसहा इंच रुंद छापावे. नखाएवढा तुकडा पानभर ताणला तर अक्षरे पुसट होणारच. पडदा आडवा, तेव्हा कागदही आडवा निवडावा. पडद्याची पार्श्वभूमी काळी असेल तर छापण्याआधी ती पांढरी करून मग टिपावे, नाहीतर शाईची दिवाळी निघते.

आणि सगळेच छापू नये. २ जून १९४७ हा सोमवार, गांधीजींच्या मौनाचा दिवस. दिल्लीत माउंटबॅटनांच्या भेटीत फाळणीसारख्या विषयावरचे आपले म्हणणे त्यांनी वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर लिहून दिले, आणि माउंटबॅटनांनी ती पाकिटे जपून ठेवली. कामाचा मजकूर असला की पाठकोरा कागदही पुरतो. आपणही घरापुरत्या प्रती पाठकोऱ्या कागदावर छापाव्यात. मात्र त्याच्या दुसऱ्या बाजूला बँकेचा खातेक्रमांक किंवा आधारचा क्रमांक नाही ना, हे आधी उलटून पाहावे.

दिवाळीची आवराआवर चाललीच आहे. त्यातच एक फाइल करावी, वर तारीख घालावी, आणि मुलांच्या अर्जांचे कागद तिच्यात लावून टाकावेत. फराळाच्या डब्यांना आपण चिठ्ठ्या लावतोच की!