आजार बरा झाला, अंगठ्याचे काय?

औषधांचा कोर्स संपला की कुष्ठरुग्णाच्या कार्डावर ‘उपचार पूर्ण’ असा शेरा पडतो. अंगठा मात्र लुळाच राहू शकतो. कोपराजवळची आणि मनगटाजवळची अशा दोन नसा निकामी झाल्या की अंगठा बोटांसमोर येत नाही. बेसा-पिपळ्यातल्या बांधकामावर थापी धरणारा माणूस मग कामातून जातो, शर्टाचे बटणही लागत नाही.

हे दुरुस्त करता येते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. करंगळीशेजारचे बोट वाकवणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूच्या दोऱ्या, असतात. त्यातली एक सोडवून अंगठ्याकडे वळवतात. बोटाचे दुसरीवर भागते. तीन-चार आठवडे प्लास्टर, मग व्यायाम. बोट वाकवायला जावे आणि अंगठा हलावा, याची रुग्णांनाही गंमत वाटते.

लुळेपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर आधी स्टिरॉइड. नस सावरू शकते. जुना असेल तर शस्त्रक्रिया. पण सांधा आखडला की कंडरा वळवून भागत नाही, तो कायमचा जखडावा लागतो. म्हणून तेल लावून अंगठा रोज दुसऱ्या हाताने ताणायचा. या शस्त्रक्रियेने स्पर्श मात्र परतत नाही. भांडे फडक्यानेच उतरवा.

सरकारी कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया मोफत होते, बुडालेल्या मजुरीपोटी अनुदानही मिळते. शेरा मारण्याआधी अंगठा करंगळीला टेकतो का, हे डॉक्टरांनी पाहावे. न पाहिल्यास रुग्णाने हात पुढे करावा.